मिशन ट्रिपला जरूर जा, पण त्यांच्या कॅलेंडरने

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाची मुलं नाताळ आटोपला की विचारायला लागतात, आंटी यंदा मिशन ट्रिप कधी? आणि हल्ली त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, की अशा आठवडाभराच्या ट्रिपचा खरंच काही उपयोग होतो का, का आपण नुसते जाऊन, चार गाणी म्हणून, पोरांबरोबर फोटो काढून परत येतो. मुलांनी इंटरनेटवर बरंच वाचलेलं असतं, बाहेरच्या देशांतली चर्चची पोरं गरीब देशांत जातात, शाळेच्या भिंती रंगवून येतात आणि पुढच्या वर्षी दुसरी टीम त्याच भिंती परत रंगवते, असं सगळं. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये उघडपणे विचारला जातोय याचं मला बरं वाटतं. माझं उत्तर मात्र अजूनही जा असंच आहे. फक्त कधी जायचं, काय करायचं आणि कोणाच्या सांगण्यावरून करायचं याबद्दल माझी मतं आता पक्की झालीयेत, ती इथे लिहिते.

मी फार्मासिस्ट आहे, पुण्यात राहते, मूळ नगरची. आमची मंडळी बरीच वर्षं नंदुरबारकडे सातपुड्यात जाते. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथले जवळजवळ ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, भिल्ल, पावरा, मावची, आणखी काही. पुण्याहून रात्रभर प्रवास करून नंदुरबारला उतरायचं, तिथून तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट चढून मोलगी, आणि मोलगीच्या पुढे धडगावच्या अंगाला डोंगर सुरू होतात ते संपतच नाहीत. गाव म्हणावं असं गाव नसतं, पाडे असतात, आणि एका पाड्यातली घरंसुद्धा ह्या टेकडीवर दोन, त्या टेकडीवर तीन अशी विखुरलेली. बांबूच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती. बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या माणसाला रस्त्यापर्यंत बांबूच्या झोळीतून आणतात, हे पेपरात वाचलेलं असतं पण प्रत्यक्ष झोळी खांद्यावर घेतलेली चार माणसं उतारावरून पळताना बघितलं की घशात काहीतरी अडकतं. नर्मदेच्या काठच्या गावांना तर दवाखानाच बोटीतून येतो.

आता आमच्या ट्रिपमध्ये काय असतं तर मेडिकल कॅम्प, मुलांसाठी गाणी-गोष्टी, संध्याकाळी सभा. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडायची, एकावर बीपी-शुगर, एकावर डॉक्टर, शेवटच्यावर मी औषधं घेऊन. एका कॅम्पमध्ये एक बाई आली, पन्नाशीची असावी, नक्की वय तिलाही सांगता येईना. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून तिने एक रिकामी स्ट्रिप काढली आणि माझ्या पुढे धरली. अ‍ॅम्लोडिपिनची होती, बीपीची साधी गोळी. कधीतरी कुठल्यातरी टीमने कॅम्प केला होता तेव्हा तिला त्या गोळ्या मिळाल्या, घेतल्यावर डोकं दुखायचं थांबलं, मग गोळ्या संपल्या, आणि तेव्हापासून तिने ती रिकामी स्ट्रिप जपून ठेवली होती की पुन्हा कोणी डॉक्टर लोक आले तर दाखवता येईल. बीपी मोजलं तर वरचा आकडा १८० च्या पुढे.

ही स्ट्रिप माझ्या डोक्यातून जात नाही. कारण बीपीची गोळी ही तापाच्या गोळीसारखी नाही, ती रोज घ्यायची असते, बहुतेकांना जन्मभर, आणि थोडे दिवस देऊन थांबवली तर आपण त्या माणसासाठी जवळजवळ काहीच केलेलं नसतं. वर तिच्या मनात काय बसतं तर औषध बाहेरून येतं, कधीतरी येतं. खरं म्हणजे हीच गोळी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. केंद्र लांब आहे, उतरायला-चढायला दिवस जातो, तिथे भाषा कळत नाही, शिपाई ओरडतो, ही अडचण आहे. म्हणजे हिला गोळ्या देण्याइतकंच हिला त्या केंद्राशी जोडून देणारं माणूस हवं होतं.

ते माणूस तिथे होतं. आम्ही ज्यांच्याकडे उतरतो ते जोडपं. दोघेही मावची, नवापूरकडचे. (नवापूर म्हणजे तेच, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे.) त्या भागात ख्रिस्ती मंडळ्या जुन्या आहेत आणि आता तिथलीच माणसं वर डोंगरात जाऊन काम करतात, हे आपल्याकडे शहरात फार कमी लोकांना ठाऊक असतं, आपल्याला वाटतं मिशनरी म्हणजे कोणीतरी गोरा माणूस. दादा मुलांचं छोटं वसतिगृह चालवतात आणि रविवारी उपासना घेतात, सिस्टर नर्स आहेत. सिस्टरनी त्या बाईची स्ट्रिप बघितली आणि स्वतःचं एक जाडजूड रजिस्टर काढलं, त्यात तिचं नाव, पाडा, नवऱ्याचं नाव, बीपीचा आकडा लिहिला आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही हिला एका महिन्याच्या द्या. पुढच्या महिन्यापासून मी केंद्रातून आणीन, बाजाराच्या दिवशी ती घेऊन जाईल." आमच्या टीमकडे स्वतःचे छापील फॉर्म होते, मंडळीच्या नावाचे, परत नेऊन रिपोर्ट करायला. त्या दिवसापासून मी टीमला सांगितलं की आधी सिस्टरच्या रजिस्टरमध्ये लिहायचं, आपल्या कागदावर वेळ मिळाला तर.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. हा आजार त्या पट्ट्यात भरपूर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, मोडतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग अंग असं दुखतं की मोठा माणूस रडतो, थंडीने, पाणी कमी प्यायल्याने, फार दमल्याने हे दुखणं उठतं, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या नशिबी ह्या तिन्ही गोष्टी एकदम असतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैत याचं मोठं मिशन जाहीर केलं, २०४७ पर्यंत आजार हटवायचा म्हणून.

आमच्या टीममध्ये एक मुलगा लॅब टेक्निशियन आहे, फार मनापासून काम करणारा. त्याने मोठ्या उत्साहाने सॉल्युबिलिटी टेस्टचं किट आणलं होतं, बोटातून थेंबभर रक्त घेतलं की जागेवर कळतं. सिस्टर म्हणाल्या, "टेस्ट करशील बाळा, पण रिपोर्ट कोण सांगणार?" त्याला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी माणूस आजारी आहे की नुसता वाहक आहे हे ती सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिसला नमुना खाली पाठवायला लागतो, तो रिपोर्ट यायला दिवस जातात, तोपर्यंत तुम्ही पुण्यात. पूर्वी अशीच एक टीम येऊन गेली, एका मुलीला "तुला सिकल आहे" इतकंच सांगून गेली, ती बिचारी फक्त वाहक निघाली पुढे, तब्येतीने ठणठणीत, पण तोवर पाड्यावर बातमी पसरून तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. सिस्टर हे सगळं अगदी शांतपणे सांगत होत्या आणि आमची मुलं माना खाली घालून ऐकत होती.

पण मला ह्या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. त्या मुलाने किट बॅगेत ठेवलं आणि विचारलं की मग मी काय करू शकतो. सिस्टर म्हणाल्या, माझ्याकडे अर्धवट राहिलेल्या लोकांची यादी आहे, पहिली टेस्ट झालेली पण पुढची नाही, त्यांचे नमुने नीट घेऊन, लेबल लावून, थंड डब्यात खाली पोचव, आणि रिपोर्ट आला की मला फोनवर एकेकाचा वाचून दाखव. त्याने ते केलं. बरं, परत आल्यावर विसरला नाही, रोज संध्याकाळी तिकडे फोन लावायचा, आणि नंतर स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या पैशाने एकटा जाऊन राहिला. देव माणसाला कामाला लावतो म्हणजे काय ते मी असं पाहिलंय.

आता वेळेचं. आपल्या ट्रिपा कधी निघतात? दिवाळीत, नाताळनंतर, नाहीतर मे महिन्यात, म्हणजे आपल्या मुलांना सुट्टी असते तेव्हा. आणि सातपुड्यातला माणूस दिवाळी झाली की टोळ्याटोळ्यांनी गुजरातेत ऊस तोडायला उतरलेला असतो, बायको-पोरांसकट, होळीला घरी येता आलं तर येतो कारण होळी हा तिथला सगळ्यात मोठा सण, काठी गावची होळी बघायला तर लांबून लोक येतात. त्यामुळे जानेवारीत कॅम्प लावला की पाड्यात भेटतात कोण, तर म्हातारे, आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, आणि अर्ध्या घरांची दारं काटक्या लावून बंद. आमच्या मुलांना वाटतं कॅम्पला प्रतिसाद कमी आला, प्रार्थना कमी पडली. प्रार्थनेचा प्रश्नच नाही हो, माणसंच तिकडे बारडोलीच्या बाजूला ऊसाच्या फडात आहेत. खरी गरज असते जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा माणसं शेतीसाठी परत आलेली असतात, घरातलं धान्य संपत आलेलं, नवं पीक अजून उभं, हगवण-मलेरिया, घाटात दरड, मुलं सर्दी-खोकल्याने घायाळ, आणि नेमकं तेव्हा शहरातून कोणीही येत नाही. पावसाळ्यात मिनीबस वर चढत नाही हे खरं आहे. पण मग मिनीबसभर माणसं नेऊ नयेत, दोघं-तिघं एसटीने जावीत.

मला ह्या सगळ्यात आमच्या नगरची फार आठवण होते. आमचं घराणं १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत मंडळीत आलं असं आजी सांगायची. पाटलाच्या वाड्यापुढे चपला हातात घेऊन जाणारे लोक आम्ही. त्यामुळे मिशन ट्रिपला गेल्यावर व्हरांड्यातल्या टेबलाच्या ह्या बाजूला बसताना मला नेहमी जाणवतं की आमचे खापरपणजोबा त्या बाजूच्या ओळीत उभे होते. आणि त्यांच्या वाट्याला आलेली माणसं आठवडाभरासाठी आलेली नव्हती. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार बाई १८२७ मध्ये मुंबईला उतरल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला ह्यांच्याकडेही, आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचं देहावसान झालं. मिरजेच्या डॉक्टर वानलेसांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं आणि १९२८ पर्यंत ते तिथे राहिले, म्हणून सांगली-मिरजेकडे वानलेसवाडी हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, त्यांची ती फेरीसुद्धा तशी थोड्या दिवसांचीच, पण तिथून आणलेल्या मुलींना केडगावला मुक्ती मिशनमध्ये घर दिलं, हातात धंदा दिला आणि त्यांच्याबरोबर आयुष्य काढलं. फेरी लहान असू शकते, फेरीच्या मागे कायमचं काहीतरी उभं असलं पाहिजे.

आणि नगर जिल्ह्यातलंच सगळ्यात मोठं उदाहरण जामखेडचं आहे, ते मी तरुण संघाला दरवर्षी सांगते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही ख्रिस्ती डॉक्टर, आधी ह्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तिथे रोग्यांची रीघ, दिवसरात्र काम, पण त्यांच्या लक्षात आलं की बरी होऊन गेलेली माणसं त्याच आजाराने पुन्हा येतायत, कारण गावात पाणी तेच, उपासमार तीच, जातीची वागणूक तीच. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० मध्ये जामखेडला आले आणि गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक दलित, कित्येक अक्षरओळख नसलेल्या, आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळंतपण, बाळाचं वजन, हगवणीला मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाची ओळख, हे सगळं त्या बायका करायला लागल्या, आणि ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातात गाव आपलं तान्हं बाळ द्यायला लागलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं तर डॉक्टर असूनही त्यांनी स्वतःला मधून बाजूला काढलं. आमच्या सिस्टरच्या रजिस्टरकडे मी त्याच नजरेने बघते.

धर्मांतराबद्दल बोलायलाच हवं, कारण आपण त्या भागात गेलो की तो प्रश्न विचारला जातो, कधी प्रेमाने, कधी धमकावून. माझं म्हणणं स्पष्ट आहे. माझा येशूवर विश्वास आहे आणि तो मी लपवत नाही, कोणी विचारलं की इतक्या लांब कशाला आलात तर मी त्याचंच नाव सांगते. पण औषधाच्या ओळीत प्रार्थना नको. गोळी घ्यायला आलेल्या माणसाला, बसा, आधी गाणं म्हणू, असं सांगणं मला पटत नाही, कारण गरजेत असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला देवापुढे तरी काय किंमत. आमच्या लोकांना दीडशे वर्षं ऐकवलं गेलंय की तुम्ही पोटासाठी बाटलात. भूक खरी होती, ती मी नाकारत नाही, पण त्याच्यानंतरच्या इतक्या पिढ्या दुष्काळ नसतानाही उपासनेला बसल्या त्या पोटासाठी नाही. हे ज्याने सोसलंय त्याने तरी दुसऱ्याच्या भुकेला हात लावताना जपून लावावा. संध्याकाळची सभा वेगळी, पूर्ण वेगळी, ज्याला यायचं तो येतो, याहामोगी देवीला मानणारेही येऊन मागे बसतात, गाणी ऐकतात आणि जातात, त्यांना चहा तितकाच गोड मिळतो. सिस्टर तर वर्षानुवर्षं सगळ्यांचीच बाळंतपणं करतायत, त्यांना कोणी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही की तुम्ही हे कशासाठी करता.

मग ट्रिपचे पैसे सरळ तिकडेच का पाठवू नयेत, हा मुलांचा पुढचा प्रश्न असतो. पाठवाच. आमच्या मिनीबसच्या एका फेरीचं भाडं म्हणजे सिस्टरच्या कित्येक महिन्यांचं मानधन, हे मी पाळकसाहेबांना कमिटीत सांगितलं आणि आता वर्गणीतून आधी त्यांचा हिस्सा काढला जातो, मग उरलेल्यात आपला प्रवास. पण नुसते पैसे पाठवून चालणार नाही असं माझं ठाम मत झालंय, आणि त्याचं कारण सिस्टरच आहेत. एकदा निरोप घेताना मी विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? मला वाटलं औषधांची यादी देतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, कोणीतरी येऊन इथे राहा, म्हणजे मला माझ्या आईकडे जाऊन येता येईल."

वसतिगृहात पोरं असतात, रात्री कोणाला ताप येतो, कोणी बाळंतीण दार ठोठावते, दोघांपैकी एक गेला तर दुसऱ्यावर सगळं, दोघं मिळून तर कधीच बाहेर पडता येत नाही. आई नवापूरच्या पुढे, म्हातारी, त्यांना बघून किती वर्षं झाली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आम्ही इतके सगळे जण त्यांच्याकडे येत होतो, जेवत होतो, आमच्यासाठी त्या कोंबडी कापत होत्या, आणि आमच्या येण्याने त्यांचं काम वाढत होतं. खरं तर आठवडाभर येणाऱ्या माणसाला जमण्यासारखं, आणि फक्त त्यालाच जमण्यासारखं काम हेच होतं. तिथल्या माणसाला आठवडाभर मोकळं करणं. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, रात्रीची जाग, गोळ्यांचे दिवस सांभाळणं, हे आमच्यातली एखादी नर्स आणि दोन समजूतदार मुलं मिळून करू शकतात, सिस्टर फोनवर असतातच. ते आम्ही सुरू केलंय. पहिल्यांदा त्या दोघांना एसटीत बसवून दिलं तेव्हा वसतिगृहातली लहान पोरं रडायला लागली आणि आमच्या मुलींची पळापळ झाली, पण झालं, जमलं सगळं.

यंदा त्यांनी यादी आधीच पाठवलीय आणि ट्रिप जुलैत ठरलीय, शाळा सुरू झाल्यावर. ताडपत्री दोन, मोठ्या. हिमोग्लोबिन मोजायच्या मशीनच्या पट्ट्या. सहावी-सातवीचं गणित शिकवणारं कोणीतरी. टीशर्ट नकोत, जुने कपडे नकोत, असं दादांनी मुद्दाम लिहिलंय. एक नर्स तयार झालीय, लॅबवाला मुलगा येतोच आहे, गणिताला एक रिटायर्ड बाई मिळाल्यात. पावसात घाटातून मोटरसायकल चालवता येईल आणि रात्री अपरात्री केंद्रापर्यंत पेशंट नेता येईल असा एक जण अजून हवाय. आपल्या मंडळीतलं कोणी हे वाचत असेल आणि जमत असेल तर रविवारी उपासनेनंतर मला भेटा, लायसन्स घेऊन या.